नारिंगी ठिपका

"तो ठिपका म्हणजे माझा नवरा," असं ती म्हातारी म्हणाली तेव्हा थियाच्या तोंडात चीजचा तुकडा होता, आणि तो चावावा की तसाच धरून ठेवावा हे तिला कळेना. त्याआधी बाईंनी विचारलं होतं, हा नारिंगी ठिपका तुम्ही मुद्दाम काढलात का, आणि थियाने आपलं नेहमीचं उत्तर सुरू केलं होतं: सगळं चित्र निळंजांभळं आहे, थंड आहे, त्यात एवढासा उष्ण रंग ठेवला की निळा आणखी निळा होतो, डोळ्याला टेकायला जागा मिळते. हे उत्तर तिने इतक्यांदा दिलं होतं की देता देता खाताही यायचं. लायब्ररीच्या मागच्या हॉलमध्ये शनिवारची दुपार होती. एका भिंतीवर तिची तळी, शेतं, बर्फातले धान्याचे सायलो; समोरच्या भिंतीवर नासपती, लसूण, एनॅमलची किटली. सगळी पेस्टलच्या खडूंनी केलेली, सगळी काचेमागे. मधल्या टेबलावर ऑर्विलने चीज आणि कॉफी मांडली होती. ऑर्विल तिची चित्रं फ्रेम करायचा आणि प्रदर्शनाच्या दिवशी घरचं कार्य असल्यासारखा मिरवायचा. तो पुढे होऊन म्हणाला, "बाई, इथे प्रत्येकीला आपला नवरा कशात ना कशात दिसतोच. गेल्या खेपेला एकीला भोपळ्यात दिसला होता." दोघंतिघं हसली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या चित्राखालची पट्टी वाचत होत्या. "चौदा डिसेंबर, सकाळ. हे चित्राचं नाव ना? चौदा डिसेंबरला सकाळी माझा क्लेटन मोनोना तळ्यावर, बर्फात भोक पाडून मासे धरायला गेला. इथेच, या किनाऱ्यासमोर. बर्फ अजून धरला नव्हता. मी म्हटलं होतं, धरला नाहीये. दुपारी काढला त्याला." मग त्या जवळ सरकल्या. "शिकारीचं जॅकेट त्याचं, नारिंगी. आणि हे खाली पांढरं आहे ना, ती बादली. उलटी घालून तिच्यावर बसायचा."

चीज गिळलं गेलं. ते पांढरं थियाने ठेवलं होतं कारण नारिंगीच्या खाली थोडा उजेड हवा होता. बर्फावरची चमक असेल असं तिने धरलं होतं, किंवा काहीच धरलं नव्हतं. बादली. तिने पुन्हा पाहिलं, आणि आता तिथे बादलीच होती, दुसरं काही होईना. ऑर्विलचा हात चीजच्या ताटलीवर तसाच राहिला होता. बाईंनी थियाचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे हात कोरडे आणि ऊनऊन होते. "वर्षभर मला एकच खात होतं," त्या म्हणाल्या, "की त्याला कुणी पाहिलं नाही. भोवती एवढं शहर, सगळीकडून खिडक्या, आणि कुणी म्हणजे कुणी पाहिलं नाही. पण तुम्ही बघत होतात. तुम्ही तर त्याला काढलंत. फार उपकार झाले, बाई." थिया काहीतरी बोलली, काय ते तिला नंतर आठवेना. "मी बर्निस झेलेन. रेल्वेलाइनच्या पलीकडे, हिरव्या छपराचं घर. चित्र नको मला, ते तुमचं आहे. फक्त कधीतरी या आणि मला सांगा, तो काय करत होता." त्या गेल्या. दारापाशी थांबून त्यांनी कोटाची बटणं खालपासून वर लावली, लहान मुलाला लावून द्यावीत तशी, आणि बाहेरच्या उन्हात दिसेनाशा झाल्या.

त्या दिवशीची प्रदर्शनाची वेळ संपेपर्यंत थिया उभी राहिली. लोक आले, नासपतींना चांगलं म्हणाले. मग ती गाडीत येऊन बसली आणि किल्ली फिरवायच्या आधी हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि तिथेच ते राहिले, कारण हीच ती गाडी, इथेच, स्टिअरिंगवर, चित्राची फळी टेकवलेली होती. त्या सकाळी तिने गाडी तळ्याकाठी, नाक पाण्याकडे करून लावली होती. हिवाळ्यात ती गाडीतच बसून रंगवायची. बाहेर बोटं बधिर होतात, आणि पेस्टलला बोटंच तर लागतात. शेजारच्या सीटवर खडूंची पेटी उघडी, पायांवर हीटरची ऊब, काचा वर, रेडिओवर पोल्का नाचाची कुठलीतरी धून. समोर तळं नुकतं गोठलेलं, मध्ये कुठे कुठे काळं पाणी उघडं, पलीकडे शहराची कड आणि तिच्यावर विधानभवनाचा घुमट, खरवडून टाकल्यासारखा. सुंदर होतं आणि मेलेलं होतं. तासभर तिने राखाडीवर राखाडी चढवला, जांभळ्यावर निळा, आणि चित्र काही श्वास घेईना. डोळे किलकिले करून ती बघत होती, पापण्यांच्या फटीतून, जेणेकरून तपशील वितळावेत आणि फक्त रंगांचे तुकडे उरावेत. आणि त्या फटीत एकदम तो आला. नारिंगी. एवढासा. तिला आता गाडीत बसून आठवत होतं, की तिला आनंद झाला होता. खराखुरा, पोटातून आलेला. तिने पेटीत नारिंगी चाचपला. तो पेटीत नव्हता, सीटखाली घरंगळला होता. ती वाकली, हात घालून शोधला, धूळ लागली होती ती बाहीला पुसली, आणि वर पाहिलं तर ठिपका नव्हता. सगळं पुन्हा निळं. आणि तिला राग आला होता. "थांबायला काय झालं होतं या माणसाला," असं ती मोठ्याने म्हणाली होती, एकटी, गाडीत. उठून गेला, तिला वाटलं; मासे लागत नसतील. मग तिने आठवणीतून ठिपका ठेवला, आणि होता तिथे नाही तर थोडा उजवीकडे, कारण उजवीकडे तो जास्त शोभत होता. ती घरी गेली. सूप गरम करून प्यायली. छान चित्र झालं होतं.

आणि एवढ्यावर ते संपत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती चित्र घेऊन ऑर्विलच्या दुकानात गेली होती. रेडिओवर बातमी लागली, तळ्यात एक वृद्ध गृहस्थ बुडाले. "दरवर्षी एक जातोच," ऑर्विल म्हणाला. "ऐकत नाहीत लेकाचे." ती म्हणाली, "अरेरे." अगदी मनापासून म्हणाली. आणि मग दोघांनी फ्रेमच्या पट्ट्या काढून, ही की ती, ओकची की काळी, म्हणून चित्राच्या कडेला लावून पाहिल्या होत्या. चित्र काउंटरवर होतं. दोघांच्या मध्ये उताणं पडलेलं होतं. तळं मोठं आहे, माणसं पुष्कळ बसतात, तिला कसं कळावं. हे सगळं खरं होतं, आणि या सगळ्या खरेपणाचा काही म्हणजे काही उपयोग होत नव्हता. "अरेरे" म्हणताना आपण कशाकडे बघत होतो? पट्टीकडे. ओकची पट्टी त्या निळ्याला मारत होती.

घरी उत्तरेच्या खिडकीपाशी टेबलावर तिची मांडणी तशीच होती: निळ्या कापडावर तीन नासपती, एक कलंडलेली, मागे किटली. तिने कोट न काढता खडू उचलला. हात कामाला लागला की डोकं गप्प बसतं, हा तिचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. नवरा सोडून गेला त्या आठवड्यात तिने एकट्या लसणाची सात चित्रं केली होती. तिने डोळे किलकिले केले. नासपती वितळल्या नाहीत. त्या नासपतीच राहिल्या, बाजारातल्या त्या तिरळ्या बाईकडून घेतलेल्या, एकीवर नखाची खूण, ती खूण कुणाच्या नखाची. किटली आईची. कापड मुलीच्या, ग्रेटाच्या पाळण्याचं. प्रत्येक वस्तू आपलं नाव घेऊन उभी होती, आणि नाव घेऊन उभ्या असलेल्या वस्तूला रंगात कसं बसवायचं हे तिला येईना. हेच तर हॅल्वर्सनसरांनी तिच्याकडून विसरवून घेतलं होतं. कॉलेजात ते मागून यायचे, कागदावर बोट आपटायचे. "झाड म्हणू नका. तिथे झाड नाही. तिथे एक काळपट हिरवा आहे, त्याच्या शेजारी एक कोमट करडा आहे. नाव घ्याल तर डोक्यातलं झाड काढाल, समोरचं दिसणारच नाही." दोन वर्षं तिला ते जमलं नाही. मग एका सकाळी बसस्टॉपवर उभं असताना जमलं. रस्ता, माणसं, बस, सगळं एकदम फुटलं आणि त्याचे नुसते तुकडे झाले, लखलखीत, अनोळखी, आणि ती तिथेच रडली होती. त्यानंतर तिने ती नजर कधी हातची जाऊ दिली नाही. बाकी सगळं गेलं तरी ती होती. आणि त्या नजरेने तळ्याकडे पाहिलं तेव्हा तिथे माणूस नव्हता, उष्ण रंग होता. सरांना विचारायला हवं होतं की माणूस कधी म्हणायचं. पण ते वारले होते, आणि त्यांना असा प्रश्न विचारायचं तेव्हा कुणालाच सुचलं नव्हतं.

आई गेली त्या दुपारची आठवण तिने बोलावली नव्हती, ती आपली आली. आईचे ओठ. फिकट जांभळे, आत राखाडी, आणि कडेला चक्क हिरवट. थिया पलंगाजवळ बसून त्या हिरव्याकडे बघत होती, कुठल्या खडूवर कुठला घासला तर तो येईल हे मनात जुळवत होती, आणि तिची मुलगी ग्रेटा पायथ्याशी उभी होती. "आई, तू आजीकडे बघतेयस की तिच्या रंगाकडे?" "दोन्ही एकच आहे गं," थिया म्हणाली होती, आणि तिला ते खरं वाटलं होतं, याहून जवळून कुणाकडे बघता येतं असं तिला खरोखर वाटत नव्हतं. ग्रेटा काही बोलली नाही. आता ती पोर्टलंडला असते, रविवारी फोन करते, हवेबद्दल बोलते. नासपतींसमोर कोट घालून बसलेल्या थियाला वाटलं की ती न बोललेली गोष्ट इतकी वर्षं चालत चालत आज इथे पोचली.

सोमवारी ती ऑर्विलच्या दुकानात गेली आणि त्याला सगळं सांगितलं. वाकले, वर पाहिलं, नव्हता, राग आला. ऑर्विल काच पुसत होता. पुसतच राहिला.

"हे तिला सांगू नकोस," तो शेवटी म्हणाला.

"ती विचारतेय, ऑर्विल. तो काय करत होता म्हणून."

"मग सांग, बसला होता शांतपणे. खोटं आहे का? तेवढ्या लांबून कुणालाही ठिपकाच दिसतो. मलाही दिसला असता. गव्हर्नरलाही."

"तुला दिसला असता तर तू म्हणाला असतास, तिथे एक माणूस बसलाय. मी म्हटलं, बरं झालं, नारिंगी मिळाला."

"बाई वर्षभरात पहिल्यांदा शांत झोपली असेल शनिवारी. ती झोप काढून घ्यायची, कशाला? तुला मोकळं वाटावं म्हणून?" त्याने काच उजेडात धरली आणि काचेतून तिच्याकडे पाहिलं. "तुम्हा चित्रवाल्यांचं हे असं. काही झालं तरी ते तुमच्याबद्दलच असतं."

हे लागलं, कारण ते बरोबर होतं. ती तीन दिवस गेली नाही. या तीन दिवसांत ती जिथे जाई तिथे ठिपके मोजण्याची तिला सवय लागली; दुकानात, पुलावर, लांब कुठे लाल, पिवळं हललं की ती थांबून बघत राही, तो माणूस आहे हे पक्कं होईपर्यंत, आणि माणूस झाला की तो चालतोय ना, पडला नाही ना, हेही. एका बाईने विचारलं, "काही हवंय का?" थिया म्हणाली, "नाही, तुम्ही दिसलात इतकंच." चौथ्या दिवशी तिने लायब्ररीतून चित्र उतरवून घेतलं, सीटवर ठेवलं, आणि रूळ ओलांडून गेली. मोकळं वाटावं म्हणून आपण जातोय का, हे तिने रस्ताभर स्वतःला विचारलं आणि उत्तर मिळालं नाही. फक्त परत वळता येत नव्हतं.

बर्निसचं स्वयंपाकघर लहान आणि फार ऊबदार होतं. तिने दार उघडल्याबरोबर "आलात! बसा, बसा" म्हणून कॉफी ओतली, केक कापला, अक्रोडासारख्या पेकानचा, वर साखरेचा पापुद्रा. चित्र थियाने भिंतीला टेकवून ठेवलं. खुंटीवर पुरुषाची टोपी होती. "ती राहू दिलीय," बर्निस म्हणाली. "जॅकेट परत दिलं नाही त्याला काढणाऱ्यांनी, की मी घेतलं नाही, कोण जाणे. खा ना." थियाने केक तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला.

"मिसेस झेलेन, मी त्याला पाहिलं नाही."

"म्हणजे?"

"नारिंगी दिसला. माणूस नाही दिसला. माणूस आहे हे कळत असेल मला, पण ते मी... मी तिकडे बघत नव्हते. मला रंग हवा होता. मी खडू घ्यायला खाली वाकले, वर पाहिलं तर तो नव्हता. मला वाटलं उठून गेला. आणि मला राग आला त्याचा. तेवढंच. मी घरी गेले."

बर्निस उठली. तिने नळ सोडला आणि सिंकमधला एक कप धुतला, जो आधीच धुतलेला होता, आणि पुन्हा धुतला. तिची पाठ स्थिर होती. फ्रिज घरघरत होता. थियाला वाटलं, आता ती म्हणेल जा, आणि ते बरं होईल. नळ बंद झाला.

"ओरडला?" पाठमोरीच तिने विचारलं.

"मला ऐकू आलं नाही." आणि मग, कारण इथे थांबता आलं असतं आणि ते फार सोपं होतं, थिया म्हणाली, "काचा वर होत्या. हीटर चालू होता. रेडिओ लावलेला होता."

"डिसेंबरात काच खाली करून कोण बसतं," बर्निस म्हणाली. ती येऊन खुर्चीत बसली, आणि तिचं बोलणं नकळत बदललं. "तू खाली वाकलीस. वर पाहिलंस. आणि तेवढ्यात?"

"तेवढ्यात."

"करून दाखव."

"काय?"

"जसं केलंस तसं. मला बघू दे किती वेळ."

थियाने तिच्याकडे पाहिलं. बर्निस गंमत करत नव्हती. थियाने खुर्ची मागे घेतली, डावीकडे वाकली, खुर्चीखाली हात घातला, चाचपला, काहीतरी सापडल्यासारखं उचललं, बाहीला पुसलं, वर आली. समोर बर्निस ताठ बसली होती, ओठ घट्ट मिटून, आणि थिया वर येताच तिने श्वास सोडला. ती श्वास रोखून बसली होती.

"एवढंच?" ती म्हणाली. "अगं, हे तर काहीच नाही." तिचा चेहरा सैल पडत गेला, इतका की थियाला बघवेना. "लवकर झालं मग. मला वाटायचं... जाऊ दे, काय वाटायचं ते. लवकर झालं." तिने डोळे पुसले आणि चित्राकडे मान वळवली. "तो नेमका इथेच होता का?"

"नाही. थोडा डावीकडे. मी सरकवला त्याला."

"सरकवला? का?"

"तिथे जास्त बरा दिसत होता."

बर्निस थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला हसू फुटलं, घोगरं, खोकल्यासारखं. "पन्नास वर्षं मी त्याला म्हणतेय, जरा सरक, सोफा झाडू दे. नाही सरकला मेला. आणि तू एका खडूने?" हसताना तिला धाप लागली. मग ती गंभीर झाली. "होता तिथे ठेव त्याला. येईल करता?"

"येईल. पेस्टल आहे, ते कधी वाळत नाही. झटकता येतं."

गाडीतून पेटी आणून त्यांनी फ्रेम टेबलावर पालथी घातली, लोणी लावायच्या सुरीने मागचे खिळे उचकटले. काच निघाली, तिच्याखालची पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट निघाली, आणि वर्षभर त्या चौकटीखाली झाकलेली कागदाची कड उघडी पडली. कडेवर नारिंगीच्या दोन रेघा होत्या. एकीच्या खाली एक, बोटभर लांब. एक तांबूस, एक पिवळट.

थियाला सुरीची मूठ हातात जाणवत होती आणि बाकी काही नाही. दोन खडू होते. सीटखालून एक काढला, आणि पेटीच्या कोपऱ्यात दुसरा सापडला, अर्धा तुटलेला, आणि ती थांबली होती. कुठला. तिने दोन्ही कडेला ओढून पाहिले होते, मान तिरकी करून, आधी हा, मग तो. तांबूस फार ओरडतोय, पिवळट बसेल, नाही, तांबूसच. हे ती पार विसरली होती. विसरली होती की टाकून दिलं होतं? समोर बर्निस कागदावरचं निळं निरखत होती, इतक्या जवळून की तिच्या श्वासाने रंगाची धूळ हलत होती. या दोन रेघा तिला दिसत होत्या, पण त्या काय सांगतात ते जगात एकट्या थियाला कळत होतं. पुठ्ठा परत ठेवला की झालं. लवकर झालं, असं ही बाई आता रोज झोपताना म्हणेल. थियाने तोंड उघडलं तेव्हा आपण काय बोलणार हे तिला माहीत नव्हतं.

"मी चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "अजून होतं. मी दोन रंग लावून पाहिले. हे बघा, हे ते."

बर्निसने रेघांकडे पाहिलं.  "मग परत कर," ती म्हणाली. "सगळं कर."

थिया वाकली. खुर्चीखाली चाचपलं. उचललं, पुसलं. मग वर न बघता तिने पेटीतून दुसरा घेतला, आणि खरे खडू खऱ्या कागदावर ओढले, पहिल्या रेघेच्या शेजारी, हळू, कारण तेव्हा हळूच ओढले होते, घाई कशाची होती. मान तिरकी केली. हा. की तो. तिला समोरून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते ऐकू न येणं वाढत चाललं होतं, कानांत दाटत होतं. वर बघावंसं वाटत होतं आणि अजून वर बघायची वेळ झाली नव्हती. तेव्हा तिने परत पहिला उचलून बघितला होता. तो उचलला. तेव्हाच टेबलापलीकडे बर्निसचा श्वास फुटला, मोठ्याने, फाटल्यासारखा, आणि तिचे हात टेबलाच्या कडेला आदळले. कप पडला. थियाने तरीही ते पुरं केलं. तांबूस ठरवला, बोटांत धरला, आणि मग वर पाहिलं.

बर्निस टेबलाला धरून हवा ओढत होती. चेहरा लाल झाला होता. कॉफी कागदाच्या दिशेने ओघळत होती, ती थियाने बाहीने अडवली.

"माझ्यापेक्षा दमाचा होता तो," बर्निस बोलता येऊ लागल्यावर म्हणाली. "पोहणारा होता." तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली. "याहून जास्त नाही?"

"नाही. एवढंच. मी वर पाहिलं तेव्हा सगळं सपाट होतं. पाणी स्थिर होतं."

"नक्की?"

"पाण्याचा रंग मी त्यानंतर परत लावला. हललं असतं तर दिसलं असतं. ते मला दिसतं."

बर्निसने मान हलवली. "माझ्या डोक्यात तो दुपारपर्यंत ओरडत होता," ती म्हणाली. "वर्षभर. रोज सकाळपासून त्याला काढेपर्यंत. थांबतच नव्हता गं." तिने पडलेला कप उभा केला. "आता इथे थांबेल."

थियाने ताठ ब्रशने जुना ठिपका झटकला. नारिंगी पूड निळ्यावरून घसरली, तिने कागद उचलून टिचकी मारली, पूड टेबलावर सांडली. जागी पुसटसा डाग राहिला. तो खरखरीत कागद सगळं सोडत नाही. बर्निस म्हणाली, "राहू दे." मग थियाने तांबूस खडू घेतला, डावीकडची जागा शोधली, उघड्या काळ्या पाण्याच्या अलीकडची, आणि हात टेकवायच्या आधी थांबली. इतकी वर्षं ती कधी या ठिकाणी थांबली नव्हती.

"कसा बसायचा तो?"

"कसा म्हणजे? डावा खांदा खाली करून. सैन्यात जीपमधून पडला होता, तेव्हापासून. आणि मान अशी पुढे. भोकातून कुणीतरी बोलतंय आणि याला नीट ऐकू येत नाहीये, तसा. कान गेलेच होते म्हणा. गुडघे लांब लांब. टोपी नव्हतीच त्या दिवशी, विसरला घरी."

थियाने रंग ठेवला. तांदळाच्या दाण्याएवढा, पहिला होता तेवढाच. डाव्या अंगाला करंगळीने किंचित दाबला. वर, टोपी नव्हती म्हणून, राखाडी केसांचा एक स्पर्श. खाली बादली. लायब्ररीच्या भिंतीवर हा ठिपका त्या ठिपक्याहून वेगळा कुणालाही वाटला नसता. चित्र म्हणून तो तिथे वाईट होता. डावी बाजू जड झाली होती, डोळा कडेला घसरत होता, हॅल्वर्सनसरांनी बोट आपटलं असतं. तिने हात काढून घेतला.

बर्निस चष्मा लावून वाकली. तिचं नाक कागदाला लागेल असं थियाला वाटलं, पण तिने तिला अडवलं नाही.

"हां," बर्निस म्हणाली. "असाच." आणि मग, "मूर्ख म्हातारा. टोपी तरी घालायची."

तेव्हा ती रडू लागली, मोठमोठ्याने, उभी, हात लोंबत सोडून. थियाची बोटं निळी, जांभळी, नारिंगी झाली होती, आणि बर्निसच्या अंगात पांढरा स्वेटर होता. थियाने आजूबाजूला फडकं शोधलं. मग तिने ते शोधायचं सोडून दिलं आणि दोन्ही हात तसेच त्या पाठीवर ठेवले.